आपत्काल आणि अध्यापकांचा अधिकार

महामारीसारखे संकट एखाद्या समाजावर कोसळते, तेव्हा सर्वांत आधी त्याची आरोग्यव्यवस्था कसोटीला लागते हे उघडच आहे. परंतु त्याच वेळी, आणि बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या समाजाच्या निर्णय घेण्याच्या रीतीही कसोटीला लागतात. रुग्णालयांतील खाटांची टंचाई डोळ्यांना दिसते, तिची वर्तमानपत्रांतून चर्चा होते, आणि संकट ओसरल्यावर तिच्या निवारणाची काही ना काही तजवीज केली जाते. निर्णयपद्धतीत शिरलेला दोष मात्र कोणाला खुपत नाही, आणि संकटापुरती म्हणून पत्करलेली वहिवाट संकट गेल्यानंतरही दप्तरात कायम राहते. 2020 च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांना टाळे लागले, तेव्हापासून पुढील दोन वर्षांत त्यांच्याविषयी असंख्य निर्णय झाले. शिकवायचे कसे, परीक्षा घ्यायची की नाही, घेतलीच तर कोणत्या स्वरूपाची, प्रयोगशाळेतील कामाचे काय करायचे, शुल्क किती आकारायचे, दारे पुन्हा केव्हा उघडायची, हे सारे ठरले. ते कोणी ठरवले, कोणाला विचारून ठरवले, आणि ज्यांना विचारले नाही त्यांना विचारले असते तर काय निराळे घडले असते, हा प्रश्न आता, ती दोन वर्षे पुरेशी मागे पडली असताना, शांतपणे तपासून पाहण्यासारखा आहे.

माझे प्रतिपादन प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. या निर्णयांपैकी बहुतेक निर्णय स्वभावतःच विद्याविषयक होते. त्यांच्यासाठी लागणारे ज्ञान मंत्रालयात किंवा दिल्लीत नव्हते, ते वर्गावर जाणाऱ्या अध्यापकांजवळ होते. आणि त्या अध्यापकांना केवळ अंमलबजावणीचे हस्तक मानून मसलतीतून वगळल्यामुळे त्यांचा मान गेला ही गोष्ट दुय्यम, खरी हानी त्या निर्णयांचीच झाली. संकटात विचारविनिमयाला सवड नसते, असे त्या वेळी वारंवार सांगण्यात आले. विचारविनिमय टाळल्यामुळे प्रत्यक्षात किती वेळ वाचला, हे पाहण्यासाठी अंतिम वर्षाच्या परीक्षांचा इतिहास पुरेसा आहे.

तो इतिहास थोडा विस्ताराने सांगतो, कारण तपशिलावाचून या विषयावरील कोणतेही मत पोकळ राहील. 29 एप्रिल 2020 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हरियाणा केंद्रीय विद्यापीठाचे कुलगुरू कुहाड यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर त्या आधारलेल्या होत्या, आणि अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैमध्ये घ्याव्यात, मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना, परिस्थिती न निवळल्यास, निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर आणि निम्मे आधीच्या सत्राच्या कामगिरीवर देऊन पुढे पाठवावे, असा त्यांचा आशय होता. मेच्या आरंभी राज्याचे उच्च शिक्षण मंत्री उदय सामंत यांनी त्याला अनुसरून केवळ अंतिम सत्राची परीक्षा होईल असे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस, 31 मे रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ती परीक्षाही होणार नाही, सरासरीने गुण दिले जातील, असे सांगितले. राज्यपाल, म्हणजेच विद्यापीठांचे कुलपती, भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर हरकत घेतली. 18 जूनला राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने परीक्षा न घेण्याचे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी तसा शासन निर्णय निघाला. 6 जुलैला आयोगाने सुधारित सूचना काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घेणे सक्तीचे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 ऑगस्टला निकाल लागला. त्यानंतर ऑक्टोबरात, बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या पडद्यावर, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने परीक्षा पार पडली, आणि तिच्या पहिल्याच दिवसांत अनेक विद्यार्थ्यांना संगणकप्रणालीत शिरताही आले नाही.

एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत चार महिने, पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लाखो मुलामुलींना, आपली परीक्षा आहे की नाही हे ठाऊक नव्हते. या चार महिन्यांत शासन बोलले, राजभवन बोलले, आयोग बोलला, विद्यार्थी संघटना आणि राजकीय पक्षांच्या युवक आघाड्या बोलल्या, अखेर न्यायालयही बोलले. ज्या विद्या परिषदांकडे आणि ज्या परीक्षा व मूल्यमापन मंडळांकडे कायद्याने हा विषय सोपवला आहे, त्यांचा आवाज मात्र कोठे ऐकू आला नाही. कुलगुरूंच्या समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांच्याशी चर्चाही झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुलगुरू म्हणजे विद्या परिषद नव्हे, आणि मंत्र्यांसमोर बसलेला कुलगुरू तर नव्हेच. सप्टेंबरात विषय त्या मंडळांपुढे आला तेव्हा ठरवण्यासारखे फारसे उरले नव्हते. परीक्षा कोणत्या तारखेला सुरू करायची आणि प्रश्न किती काढायचे, एवढीच काय ती मोकळीक होती.

आता कल्पना करावी की मेच्या पहिल्या आठवड्यात, दूरध्वनीवरून का होईना, प्रत्येक विद्यापीठाने आपल्या विद्या परिषदेची आणि अभ्यासमंडळांची बैठक बोलावली असती. त्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत एखाद्या तालुक्याच्या गावच्या अध्यापकाने विचारले असते: सरासरीने गुण द्यायचे म्हणता, पण ज्याचे मागचे दोन विषय राहिले आहेत, ज्याला एटीकेटी आहे, त्याची सरासरी कशाची काढणार? हा प्रश्न कोणत्याही परीक्षा विभागातील लिपिकाला सुचला असता, इतका तो साधा होता. तरीही जूनमधील निर्णयानंतर कित्येक आठवडे त्याला समाधानकारक उत्तर नव्हते, आणि अशा विद्यार्थ्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. दुसऱ्याने सांगितले असते की वास्तुकला, विधी, औषधनिर्माण या शाखांच्या शिखर परिषदा परीक्षेवाचून मिळालेली पदवी मान्य करतील की नाही याची खातरजमा आधी करा. तिसरा रसायनशास्त्राचा असता, आणि त्याने प्रयोगांचा प्रश्न काढला असता.

या तिसऱ्याच्या प्रश्नाशी क्षणभर थांबावेसे वाटते. पदवीच्या वर्गातील मुलगी टायट्रेशन करते तेव्हा ती ब्यूरेटची तोटी डाव्या हाताने सांभाळते, उजव्या हाताने चंबू हलवीत राहते, आणि द्रावणात क्षणभर उमटून विरणारी गुलाबी छटा पाहून ओळखते की आता धार नको, थेंब हवा. मग एकच थेंब असा येतो की त्यानंतर तो फिकट गुलाबी रंग विरत नाही, टिकून राहतो. तेथे थांबता येणे हे ज्ञान आहे. ते पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकातून येत नाही. शिक्षक शेजारी उभा राहून दोनदा चुकू देतो आणि तिसऱ्यांदा नुसता हुंकार भरतो, तेव्हा ते बोटांत उतरते. ज्याने तीस वर्षे असे हुंकार भरले आहेत त्याला, घरी बसलेल्या विद्यार्थिनीकडून या ज्ञानाचा कोणता भाग करून घेता येईल, कोणता भाग चित्रफितीने निदान ओळखीचा करता येईल, आणि कोणता भाग पुढे ढकलून प्रयोगशाळा उघडल्यावर पंधरा दिवसांच्या सलग वर्गात भरून काढावा लागेल, हे विचारले असते तर त्याने एका संध्याकाळी त्याची टिपणी करून दिली असती. तसे कोणी विचारले नाही. प्रयोगाचे गुण कसे द्यावेत याचे परिपत्रक आले. प्रयोग कसा शिकवावा याचे आले नाही.

हीच गोष्ट मोबाइलची. कोणत्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाइल आहे, कोणाकडे तो वडील शेतावरून परतल्यावरच येतो, कोणाच्या वाडीवर संपर्क मिळवण्यासाठी टेकडीवर जावे लागते, हे ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला नावानिशी ठाऊक होते, कारण टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यातच त्याने एकेकाला फोन लावून त्याची वही केली होती. या शेकडो वह्या राज्यभर होत्या. राज्याच्या धोरणाला आधारभूत ठरावा असा तो दस्तऐवज होता, आणि तो कोणी मागवला नाही. त्याऐवजी महाविद्यालयांकडून 'ऑनलाइन तासिकांचा अहवाल' मागवण्यात आला, ज्यात किती तासिका झाल्या हे लिहायचे होते, किती जणांपर्यंत पोचल्या हे लिहिण्यास रकाना नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधील निर्णयात एक भेद केलेला आहे आणि तो या संपूर्ण चर्चेच्या मुळाशी जाणारा आहे. न्यायालयाने सांगितले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्याला, साथीची परिस्थिती पाहून, अमुक तारखेपर्यंत परीक्षा घेऊ नये असे ठरवण्याचा अधिकार आहे. परंतु परीक्षेवाचूनच विद्यार्थ्याला उत्तीर्ण करावे असे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्यातून मिळत नाही. म्हणजे लोकांनी एकत्र जमावे की जमू नये हा आरोग्याचा आणि आपत्तीचा प्रश्न, आणि पदवीला कोण पात्र हा विद्येचा प्रश्न. भेद अचूक आहे. परंतु त्याच्या पुढच्या पायरीवर न्यायालयाने हा विद्येचा प्रश्न, केंद्रसूचीतील 66 व्या नोंदीचा आणि 1956 च्या अनुदान आयोग कायद्याचा आधार घेऊन, त्या आयोगाच्या हाती दिला. आणि कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगत असेलही, तरी विद्येच्या दृष्टीने गडचिरोलीचे महाविद्यालय आणि दिल्लीतील आयोग यांच्यामधील अंतर गडचिरोली आणि मंत्रालय यांच्यामधील अंतराहून कमी नाही. राज्य विरुद्ध केंद्र अशा झगड्यात दोन्ही पक्षांनी ज्याच्या नावाने भांडण केले तो अध्यापक आणि तो विद्यार्थी मसलतीच्या दालनाबाहेरच राहिले. कोठारी आयोगाने 1966 च्या आपल्या अहवालात विद्यापीठीय स्वायत्ततेचे तीन स्तर सांगितले होते: विद्यापीठव्यवस्थेची बाह्य सत्तांच्या संदर्भातील स्वायत्तता, प्रत्येक विद्यापीठाची त्या व्यवस्थेच्या संदर्भातील स्वायत्तता, आणि विद्यापीठाच्या आत विभाग, महाविद्यालये, अध्यापक व विद्यार्थी यांची स्वायत्तता. आपल्याकडे वाद झाला की तो पहिल्या स्तरावर होतो. तिसऱ्या स्तराची आठवणही कोणाला होत नाही.

यावर कोणी म्हणेल की आपत्काल हा आपत्काल असतो, आणि त्या वेळी एकाच्या हाती मुखत्यारी असावी लागते. ही गोष्ट मला मान्य आहे, आणि विधिमंडळालाही ती मान्य होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याच्या 12 व्या कलमात कुलगुरूंना अशी मुखत्यारी दिलेली आहे: तातडीच्या कृतीची आवश्यकता आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल तर त्यांनी आवश्यक ती कृती करावी. परंतु वाक्य तेथे संपत नाही. आणीबाणी होती असे मानण्याची कारणे आणि केलेली कृती यांचा लेखी अहवाल, सामान्य परिस्थितीत तो विषय ज्या प्राधिकरणाने हाताळला असता त्याच्याकडे, शक्य तितक्या लवकर सादर केला पाहिजे. आणि खरोखर आणीबाणी होती काय किंवा केलेली कृती योग्य होती काय याविषयी त्या प्राधिकरणाचे मत निराळे पडले तर प्रकरण कुलपतींकडे गेले पाहिजे, अशीही तरतूद आहे. कायद्याने अधिकार उसना दिला, आणि तो परत करण्याची रीतही त्याच कलमात सांगून ठेवली.

व्यवहारात या तरतुदीचे काय झाले ते कोणत्याही प्राधिकरणाच्या त्या काळातील इतिवृत्तात पाहावे. विषयपत्रिकेच्या शेवटी, किंवा आयत्या वेळच्या विषयांत, पंधरावीस निर्णयांची यादी येते; प्रत्येकापुढे 'मा. कुलगुरूंनी अधिनियमान्वये घेतलेल्या निर्णयास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे' असे एकाच साच्याचे वाक्य येते. आणीबाणी कोणती होती, ती किती दिवसांची होती, दुसरे पर्याय कोणते होते, याविषयी एक ओळ नसते. सदस्य मान डोलावतात आणि सभा संपते. मुळात हिशेब देण्यासाठी ठेवलेली जागा अशा रीतीने शिक्का मारण्याची जागा होऊन बसते. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात घेतलेल्या निर्णयाला मी या रीतीबद्दल दोष देणार नाही. मात्र पहिल्या टाळेबंदीनंतर आठ महिन्यांनी, बारा महिन्यांनी, जेव्हा प्रत्येक समिती घरबसल्या पडद्यावर भरू शकत होती, तेव्हाही निर्णय याच वाटेने होत राहिले असतील तर त्यांना आणीबाणीचे नाव देता येणार नाही. बैठक भरवणे यापूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले होते. प्रवासभत्ता लागत नव्हता, सभागृह लागत नव्हते. अशा काळातही बैठका टळल्या असतील, तर त्या महामारीमुळे टळल्या असे म्हणता येत नाही.

येथे आपल्याच इतिहासाकडे वळून पाहणे उचित होईल, कारण अध्यापकांनी संस्था चालवावी ही कल्पना परदेशातून आणून रुजवावी लागेल असा अनेकांचा समज दिसतो. 1884 मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, तेव्हा आगरकर, टिळक आणि पुढे गोखले यांच्या पिढीने जी व्यवस्था निर्माण केली तिचा कणा आजीव सभासद हा होता. मासिक पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतलेले हे शिक्षकच संस्थेच्या दैनंदिन कारभाराचे मालक होते. वेळापत्रक, नेमणुका, पैसा, शिस्त, सर्व प्रश्न त्यांच्या मंडळापुढे येत आणि मतास पडत. या मंडळात सौम्य एकमत नांदत असे असे मानण्याचे कारण नाही. 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला तो सभासदांचे वेतन आणि त्यांचे बाहेरील उत्पन्न यांवरून झालेल्या दीर्घ आणि कटू वादानंतरच. परंतु वाद झाला तो समोरासमोर, कागदावर आणि समान दर्जाच्या माणसांत झाला. आणि संस्था त्यानंतरही टिकली, वाढली. ज्या प्रदेशात शंभर वर्षांपूर्वी शिक्षक संस्थेचे विश्वस्त होते, त्याच प्रदेशात आज प्राध्यापकाला आपल्या महाविद्यालयाचे अंदाजपत्रक पाहायला मिळणे ही विशेष बाब मानली जाते.

अमेरिकेतील अनुभव या विषयावर उद्बोधक आहे, कारण तेथे अध्यापकांच्या अधिकाराचे तत्त्व लेखी स्वरूपात पुष्कळ आधी मांडले गेले आणि महामारीत त्याची परीक्षाही झाली. 1915 मध्ये जॉन ड्यूई यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या तेथील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेने, विश्वस्तांच्या आणि संस्थाप्रमुखांच्या संघटनांशी मिळून, 1966 मध्ये महाविद्यालयांच्या कारभाराविषयी एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांच्या नेमणुका या विषयांत मुख्य जबाबदारी अध्यापकवर्गाची, असे त्याचे सार आहे. 2005 मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त झाल्यावर तेथील विद्यापीठांनी अध्यापकांना कसे वागवले याची या संघटनेने चौकशी केली होती. आणि 2021 मध्ये तिने आठ संस्थांची चौकशी करून महामारीतील कारभारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी बफेलो येथील मेडेल महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी 2020 मध्ये, महामारी ही दैवी आपत्ती आहे हे कारण देऊन, अध्यापकांची नियमावलीच तहकूब केली होती. ओहायोतील अॅक्रन विद्यापीठाने अध्यापकांशी झालेल्या करारातील अपवादात्मक परिस्थितीच्या कलमाचा आधार घेऊन सुमारे शंभर पूर्णवेळ अध्यापकांची पदे कमी केली, आणि लवादाने ते उचलून धरले. मेडेल महाविद्यालय 2023 च्या ऑगस्टअखेर कायमचे बंद झाले. त्याची आर्थिक कारणे स्वतंत्र आहेत आणि नियमावली पाळली असती तर ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. परंतु नियमावली गुंडाळून ठेवल्याने ते वाचले नाही, एवढे तर निर्विवाद आहे.

त्याच देशातील दुसरे उदाहरण वेळेच्या मुद्द्याशी थेट निगडित आहे. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 10 ऑगस्ट 2020 रोजी वर्ग प्रत्यक्ष सुरू केले. स्थानिक आरोग्य खात्याने निदान पहिले पाच आठवडे दूरस्थ शिक्षण ठेवावे अशी लेखी शिफारस केली होती, अध्यापकांतूनही चिंता व्यक्त झाली होती. सात दिवसांनी, 17 ऑगस्टला, वसतिगृहांत संसर्गाचे पुंजके आढळल्यावर पदवीपूर्व वर्गांचे सर्व अध्यापन दूरस्थ करण्याचा निर्णय विद्यापीठाला जाहीर करावा लागला. हजारो विद्यार्थी सामानासह आले आणि सामानासह परत गेले.

अध्यापकांच्या विरुद्ध जो युक्तिवाद केला जातो त्यात तथ्य नाही असे मात्र मला म्हणता येत नाही. विद्यापीठीय मंडळांच्या निवडणुकांत पॅनेले पडतात, गट पडतात, जातीचे आणि संस्थांचे हिशेब होतात, हे आपण सारे जाणतो. निवडून आलेला सदस्य सभेत अभ्यासक्रमाबद्दल मौन पाळतो आणि आपल्या गटाच्या बदल्या-नेमणुकांबद्दल बोलतो, हेही दुर्मीळ नाही. 2013 मध्ये प्राध्यापकांच्या संघटनांनी आपल्या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, आणि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मनात तो अजून ताजा असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. वेतनाच्या प्रश्नावर राज्यभर एकवटणारा वर्ग अध्यापनाच्या प्रश्नावर तसा एकवटला असे 2020 मध्ये दिसले नाही; विद्या परिषद बोलवा, अशी मागणी घेऊन किती अध्यापक पुढे आले? अधिकार हिरावला गेला हे खरे, आणि तो हिरावला जात असताना बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला हेही खरे, कारण निर्णयाबरोबर येणारी जबाबदारीही दुसरीकडे गेली. तरीही, एखादे मंडळ सदोष आहे म्हणून त्याला वळसा घालणे हा त्या दोषावर उपाय होऊ शकत नाही. ज्या सभेपुढे कधी खरा प्रश्नच ठेवला जात नाही, तिला खऱ्या प्रश्नावर बोलण्याची सवय लागणार कशी?

आणि अध्यापक म्हणजे कोण, हा प्रश्नही या ओघात टाळता येणार नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वर्गावर उभ्या राहणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग तासिका तत्त्वावर काम करतो. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही, अशी ज्यांची नेमणूक आहे त्यांच्यासाठी टाळेबंदी म्हणजे सरळ उपासमार होती. कित्येकांनी त्या काळात शेतमजुरी केली, भाजी विकली. हे लोक ऑनलाइन वर्गाचे सर्वाधिक ओझे वाहत होते, स्वतःच्या पैशाने इंटरनेट भरत होते, आणि महाविद्यालयाच्या कोणत्याही समितीवर निवडून येण्याचा त्यांना अधिकार नव्हता, आजही नाही. अध्यापकांच्या अधिकाराची मागणी करणाऱ्या कायम प्राध्यापकांनी या सहकाऱ्यांना आपल्यात मोजले नाही, तर त्यांची मागणी एका सुरक्षित वर्गाच्या हक्काची मागणी होऊन राहील.

महाविद्यालयाच्या नियोजनासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. 2016 च्या अधिनियमाच्या 97 व्या कलमान्वये प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असणे बंधनकारक आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, पूर्णवेळ अध्यापकांनी आपल्यातून निवडलेले तिघे आणि त्यांत किमान एक स्त्री, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निर्वाचित प्रतिनिधी, स्थानिक क्षेत्रांतील चौघे, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, आणि सदस्य सचिव म्हणून प्राचार्य, अशी मुख्यतः तिची रचना आहे. वर्षातून किमान चार वेळा तिने भरले पाहिजे. आणि महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा, शैक्षणिक वेळापत्रक व वार्षिक अंदाजपत्रक ही तिची कामे आहेत. साथ, पूर, दुष्काळ, कोणतीही आपत्ती आली तर महाविद्यालय कसे चालेल याची योजना करण्यासाठी याहून योग्य माणसे एकत्र आणणे कठीण आहे. कोल्हापूर-सांगलीच्या महाविद्यालयांनी 2019 चा महापूर पाहिला आणि लगेच पुढच्या वर्षी महामारी पाहिली. तेथील अध्यापकांजवळ जो अनुभव साठला आहे तो लिहून ठेवला गेला नाही, तर पुढच्या आपत्तीत पुन्हा परिपत्रकाची वाट पाहत बसावे लागेल.

या समितीने करायची पहिली गोष्ट अगदी लहान आहे. आणीबाणीत प्राचार्यांनी वा संस्थेने एकट्याने घेतलेला कोणताही निर्णय ठरावीक मुदतीनंतर आपोआप रद्द होईल, आणि तो पुढे चालू ठेवायचा असेल तर समितीपुढे कारणांसह यावा लागेल, असा ठराव तिने आजच, साथ नसताना, करून ठेवावा. तीस दिवसांची मुदत पुरेशी आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना मताचा अधिकार कायद्याने नसला तरी निमंत्रित म्हणून त्यांचा एक प्रतिनिधी प्रत्येक बैठकीस बोलावण्यास कोणत्याही कलमाची हरकत नाही.

प्रत्येक महाविद्यालयातील अध्यापकांना माझी विनंती एवढीच आहे: मार्च 2020 ते मार्च 2022 या काळातील आपल्या विकास समितीची इतिवृत्ते कार्यालयातून मागवून घ्यावीत, त्या दोन वर्षांत ती समिती किती वेळा भरली हे पाहावे, आणि जेथे ती आठ वेळा भरलेली नसेल तेथे येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय, आयत्या वेळचा म्हणून नव्हे, पहिल्या क्रमांकाने लेखी मांडावा.